जाड तारेचा आवाज

४ सप्टेंबर, गुरुवार

आज परत तेच. दुसऱ्या गाण्याच्या ऐन मध्यात दातवाल्याने, म्हणजे आमच्या दातांच्या डॉक्टरने, ड्रमवरच्या काठ्या थांबवल्या आणि म्हणाला, "ताई, बास जरा कमी करता का? माझा ड्रम मलाच ऐकू येईना."

कमी करू? मला तर माझा बास गिटार धड ऐकूच येत नव्हता. बारीक तारा त्यातल्या त्यात बऱ्या, पण जाड तार म्हणजे कोणी पुठ्ठ्यावर बोट आपटावं तशी — टक, टक. ना पोट, ना अंग. म्हणून अँपचं बटण जरा वर नेलं होतं, एवढंच.

दादाने गिटार गळ्यात तशीच ठेवून मान वळवली. "बुटके, बाहेर बाबांच्या दुकानातल्या कपाटांची दारं थरथरतायत. गिऱ्हाइकाला वाटेल आत भूत बसलंय." वहिनी खो खो हसली. दातवालाही. मीही हसले, कारण न हसणारी बाई म्हणजे चिडकी बाई.

मग बटण खाली आणलं आणि उरलेली तालीमभर नुसती बोटं हलवत उभी राहिले. मुकी. ते तिघं खूश. "आत्ता कसं जमून आलं," म्हणाले.

थिएटर पाडायचं नक्की झालंय. ८ नोव्हेंबरला तिथली शेवटची संध्याकाळ. शहरातल्या सगळ्या जुन्या बँडना बोलावणं आहे, आम्हाला चार गाणी दिलीत. ज्या स्टेजवर पहिल्यांदा बास गळ्यात घालून उभी राहिले, त्याच स्टेजवर. पुढे ते स्टेजही नाही आणि बहुधा आमचा बँडही नाही. मला आता आणखी काही नको. ती चार गाणी नीट वाजवायची आहेत.

५ सप्टेंबर

सकाळी पलंगावर बसून बास मांडीवर घेतला. अँप नाही, केबल नाही. त्याच्या लाकडी अंगाचं वरचं टोक, शिंग म्हणतो आम्ही त्याला, त्यावर हनुवटी टेकवली — पहिल्या दिवसापासूनची सवय — आणि जाड तार छेडली. पूर्ण! गोल, भरलेला, थेट दाढांपर्यंत पोचणारा. मग केबल लावली, उठून उभी राहिले, तीच तार, तेच बोट. पोकळ.

म्हणजे लाकडाला काही झालेलं नाही. दोष विजेच्या बाजूला आहे. आणि ही माणसं मला बोलतात.

बाबांनी हा बास केला तेव्हा मी कॉलेजात होते. दुकानात मिळणारे बास माझ्या हाताला लांब पडायचे. पहिल्या पट्टीपर्यंत हात न्यायचा म्हणजे खांदा निखळायची वेळ. दादा म्हणाला होता, "हे पुरुषांचं वाद्य आहे, तू आपली टाळ्या वाजव." बाबांनी शिंप्यासारखी टेप काढली, खांद्यापासून बोटाच्या टोकापर्यंत माझा हात मोजला आणि कपाटांसाठी आलेल्या लाकडातली सगळ्यात देखणी फळी बाजूला ठेवली. मान आखूड केली. मान आखूड केली की तार ढिली पडते, म्हणून नेहमीपेक्षा जाड तारा शोधून आणल्या. खुंट्यांच्या वजनाने त्याचं तोंड खाली कलायला लागलं, तर मागच्या बाजूचं लाकूड जाड ठेवून तोल आणला. जन्मात गिटार हातात न धरलेला माणूस. "खुर्ची काय अन् हे काय," म्हणाले, "बसणाऱ्याच्या मापाचं पाहिजे."

तेव्हापासून दुसरा बास मी हातात धरलेला नाही.

९ सप्टेंबर

दुरुस्तीवाल्या तारमास्तरकडे जाऊन आले. पंखे, मिक्सर, रेडिओ आणि मधूनच एखादी गिटार, सगळं एकाच छताला टांगलेलं. माणूस गोड. इतका गोड की त्याच्याशी भांडता येत नाही आणि त्याच्यावर विश्वासही ठेवता येत नाही.

मी म्हटलं, जाड तार पोकळ वाजतेय. त्याने वाजवून बघितली, मान तिरकी करून.

"मला तर भरीव वाटते, मॅडम."

"नाही हो. तळ गेलाय तिचा."

"हो हो, तळ गेलाय. आता तुम्ही म्हणालात तसं लक्षात आलं. मॅडम, तुमचा कान म्हणजे कान आहे. तारा मेल्यात."

नवीन तारा घातल्या. जुन्या गुंडाळून पिशवीत टाकून दिल्या त्याने. किती वर्षं होत्या कोण जाणे, माझ्या बोटांनी गुळगुळीत झालेल्या.

११ सप्टेंबर, गुरुवार

नवीन तारा. पूर्वीइतकाच पोकळ, वर आणखी किनरा. मी बटण वर केलं. दातवाला म्हणाला, "ताई, आज तर पोटातलं पाणी हललं." दादा उठला, दुकानात गेला, आणि कपाटं पोचवताना गुंडाळतात ते मळकं ब्लँकेट आणून माझ्या अँपवर टाकलं. माझ्या देखत. एखाद्या भुंकणाऱ्या कुत्र्यावर टाकावं तसं.

वहिनी म्हणाली, "आता छान."

शाळेत सिस्टर आम्हा दोघींना पियानोच्या एकाच बाकावर बसवायच्या. मी डावीकडे, पोपट उजवीकडे. पोपट म्हणजे आत्ताची वहिनी. वर्गात, प्रार्थनेत, शिक्षा म्हणून बाहेर उभी केली तरी गात राहायची, म्हणून पोपट. उजवीकडची बाजू तिची, कारण गाणं तिथे असायचं. मी रडले होते एकदा, मलाच नेहमी डावी बाजू का? सिस्टर म्हणाल्या, "वरचा सूर चुकला तर लोक हसतात. खालचा चुकला तर कोणाला काही कळत नाही, फक्त गाणं आवडेनासं होतं. म्हणून ती बाजू मी तुला देते." केवढा मोठा सन्मान वाटला होता मला तेव्हा. आता वाटतं, बाईंनी रडणारी पोर गप्प केली, दुसरं काय.

१८ सप्टेंबर

अँपमधला स्पीकर बदलला. फरक नाही. ब्लँकेट आहेच.

२२ सप्टेंबर

वहिनी आली होती. येताना माझ्यासाठी स्वेटर विणून आणला, म्हणजे काहीतरी सांगायचं होतं.

"काय वन्सं, किती हळू बोलतेस हल्ली. कान द्यावा लागतो."

लायब्ररीत जन्म गेला, म्हटलं. तिथे मोठ्याने बोलायची सोय नव्हती. घरात आता बोलायला कोणी नाही. आवाज वापरायचा कुठे?

मग हळूहळू मुद्द्यावर आली. "ह्यांचं म्हणणं असं, की शेवटचा कार्यक्रम आहे, तर सगळ्यांनी एकमेकांना सांभाळून…" ह्यांचं म्हणणं! लग्नाआधी ह्यांना ती 'तुझा तो ठोंब्या भाऊ' म्हणायची. तेव्हा माझ्या बाजूची होती. मला मैत्रीण घरात आल्याचा केवढा आनंद झाला होता, सगळ्यांना पेढे वाटल्यासारखी सांगत सुटले होते. घरात आली आणि दुसऱ्याच्या खोलीत गेली.

मी विचारलं, "तुला स्वतःला काय वाटतं? बास जास्त होतो?"

"मला गं काय कळतं त्यातलं," म्हणाली. पन्नास वर्षं ज्या बासच्या खांद्यावर ती गाते, त्यातलं तिला कळत नाही.

स्वेटरचा रंग मात्र मला आवडतो तोच आणलाय.

२७ सप्टेंबर

तारमास्तरचा नवा शोध — दोष पिकअपचा. तारांखाली जो चुंबक असतो, जो तारेची थरथर पकडून अँपला देतो, तो म्हातारा झाला. त्याच्याकडे एक रुंद, दणकट पिकअप आलाय, बॅटरीवर चालणारा. "मॅडम, हा लावला की हत्ती चालल्यासारखा वाजेल." पण तो बाबांनी कोरलेल्या खाचेत बसत नाही. खाच मोठी करावी लागेल, आणि बॅटरीसाठी मागून आणखी एक.

मी म्हटलं, विचार करते.

दिवसभर विचार केला. पलंगावर बसून, शिंगावर हनुवटी टेकवून परत वाजवला. किती सुंदर वाजतो हा! आणि त्याचा तो आवाज अँपपर्यंत पोचत नाही, कोणालाच ऐकू येत नाही. जगाला फक्त टक, टक. जीव तुटतो. लाकडात एवढं असून ते बाहेर येत नसेल तर लाकूड जपून काय करायचं?

३ ऑक्टोबर

खाच कोरली आज. मशीन लावायच्या आधी तारमास्तरने विचारलं, "नक्की ना, मॅडम? मग भरून येत नाही हां हे." मी हो म्हटलं. मशीन ओरडलं आणि भुसा उडाला. आणि तो वास — इतक्या वर्षांनीही फळीच्या पोटात तसाच होता. बाबा संध्याकाळी वर यायचे, दंडावरचा भुसा झटकायचे, तो वास.

मी बाहेर जाऊन फुटपाथवर उभी राहिले. परत आत आले तेव्हा काम झालं होतं.

"आता कसा? घुमला ना?"

मी वाजवला. नाही म्हटलं.

"नाही, तसा नाहीच घुमला," तो लगेच म्हणाला. "बॅटरी सेट व्हायला दोन दिवस लागतात."

९ ऑक्टोबर, गुरुवार

कुठून सुरुवात करू. 

तालमीला लवकर गेले. नवीन पिकअप दाखवायचा होता, कौतुक करून घ्यायचं होतं, खरं सांगायचं तर. दार लोटलं तर तालीम चालूच. माझ्याशिवाय. दादाच्या पायाशी एक निळी डबी, तिच्यावर छोटा लाल दिवा. त्या डबीतून एक वायर त्याच्या अँपला. दुसरी माझ्या अँपला.

गाणं मध्येच थांबलं. वहिनीने पाण्याच्या बाटलीचं झाकण उघडलं आणि परत लावलं.

"हे काय आहे?"

"पेडल आहे," दादा म्हणाला.

"कसलं पेडल?"

दादा गिटारची खुंटी पिळायला लागला. दातवाल्याला खोटं बोलता येत नाही, 'दुखणार नाही' एवढं एक सोडून. तो म्हणाला, "ताई, ते गिटारचा सूर एक सप्तक खाली नेतं. पायाने दाबायचं. गिटारही वाजते आणि खालीही वाजतं."

"म्हणजे बास वाजतो."

"तसं… साधारण."

"वाजव," मी दादाला म्हटलं. "ऐकू दे."

त्याने वाजवलं. मला गिटार ऐकू आली, आणि तिच्यामागे डब्यात माशी अडकावी तशी भुणभुण. बस्स. एवढ्यासाठी!

"ह्याला तुम्ही बास म्हणता? तळ कुठाय ह्याला?"

"आम्हाला तर बरा वाटतो गं," वहिनी म्हणाली. "आणि मुख्य म्हणजे हाताबाहेर जात नाही."

हाताबाहेर. मी हाताबाहेर गेलेली.

मी बास पिशवीतून काढला, ह्यांना खरा बास कसा असतो ते दाखवायला. तर दादाची नजर त्या खाचेवर गेली. तो गिटार काढून उठला. जवळ आला, वाकला, कोरलेल्या कडेवरून अंगठा फिरवला, जसा बाबा फिरवायचे, कुठे कुसळ राहिलंय का बघायला.

"बाबांच्या लाकडाला भोक पाडलंस?"

"पिकअप बसत नव्हता."

"विचारलंस कोणाला?"

"तू ही डबी आणताना कोणाला विचारलंस?"

त्याने अंगठा पँटला पुसला. मग एवढंच म्हणाला, "दुकान मला दिलं त्यांनी. स्वतःच्या हाताने केलेलं आणि विकलं न गेलेलं असं फक्त हे होतं, ते तुला दिलं." आणि दुकानातल्या कपाटांकडे निघून गेला. पॉलिश घासल्याचा आवाज येत राहिला. उगाच घासत होता.

दातवाल्याने मला घरी सोडलं.  उतरताना म्हणाला, "ताई, बास मागच्या सीटवर राहतोय." विसरले होते मी.

११ ऑक्टोबर

दादा आला. चपला न काढता दारातच उभा राहिला, म्हणजे बसायचं नव्हतं.

"बुटके, ह्या वेळी तू समोर बस. पहिल्या रांगेत."

"पाहुणी म्हणून?"

"तसं समज. आम्ही तिघं करतो. चार महिने सांगतोय कमी कर, कमी कर. तू उलट वाढवतेस. तुझ्या वहिनीचा आवाज दबतो. तिला आता पूर्वीसारखा जोर लावता येत नाही. ती तुला सांगत नाही, घरी येऊन घसा शेकत बसते."

मी म्हटलं, "अँप माझा आहे."

"माहितेय. तो लागेल आम्हाला. द्यायचा नसेल तर तसं सांग."

घेऊन जा म्हटलं. काय करायचाय मला? बाई नको, बाईचा अँप हवा.

जाताना जिन्यावरून म्हणाला, "रागावू नकोस." लहानपणी माझी बाहुली मोडून झाली की हेच म्हणायचा.

२० ऑक्टोबर

कोणाचा फोन नाही. मीही करणार नाही.

३० ऑक्टोबर, गुरुवार

तालमीची वेळ. तयार होऊन बसले होते, सवयीने. मग कपडे बदलले.

जुने फोटो काढले. किती कार्यक्रम केले आम्ही! हॉटेलांतले, क्लबांतले, लोकांच्या लग्नातले, एकदा तर बोटीवर. प्रत्येक फोटोत पोपट मधोमध, दादा तिच्या बाजूला वाकलेला, ड्रममागे दातवाल्याचं तेव्हाचं दाट केसांचं डोकं. मी कडेला. काही फोटोंत नुसती बासची मान आणि माझी चार बोटं, बाकीची मी चौकटीबाहेर. फोटो काढणाऱ्याला तरी काय दोष द्यायचा. लोक बघतात तिकडे तो बघणार.

पण नाचायला उठलेल्या लोकांचे पाय मी बघायचे. पाय माझ्याकडे असायचे. तोंडं कुठेही असोत, पाय माझे. मी एक सूर उशिरा टाकला तर अख्खी खोली अर्धं पाऊल अडखळायची. ह्याची मला चटक लागली होती. कोणाला न सांगता एवढ्या सगळ्या लोकांना हलवायचं. लग्न केलं नाही, त्यामागे लोकांनी नाही नाही ती कारणं शोधली. एवढं एक कोणाला सुचलं नाही, की मला आणखी काही कमी पडत नव्हतं.

आणि आता ते काम एक डबी करणार. पायाने दाबायची.

७ नोव्हेंबर

जाणार नाही. ठरलं.

८ नोव्हेंबर, शनिवार

गेले.

थिएटर पाडणार ना. दादासाठी नाही, त्या इमारतीसाठी गेले. वहिनीचा स्वेटर घातला होता, थंडी होती म्हणून. पहिल्या रांगेत नाही बसले. पार मागे, भिंतीजवळच्या लाकडी खुर्च्यांत. माझ्या शेजारी एक बाई, माझ्याच वयाची, कुठल्यातरी दुसऱ्या बँडमधल्या ट्रंपेटवाल्याची बहीण. पिशवीत त्याचा मफलर घेऊन बसली होती.

आमचे तिघं आले. माझा अँप स्टेजवर, ब्लँकेटशिवाय. म्हणजे डबीला ब्लँकेट लागत नाही. पोपटने निळी साडी नेसली होती. माइक धरताना तिने एकदा डावीकडे बघितलं. मी उभी राहायचे तिकडे. तिथे अँप होता नुसता.

गाणं सुरू झालं. आणि मला हवं होतं तेच झालं — तळ नाही! तिचा आवाज अधांतरी, गिटार उघडी, ड्रम कोरडा. भिंती आहेत आणि जमीन नाही असं घर. मला इतकं बरं वाटलं. लिहायला लाज वाटते, पण वाटलं. घ्या, म्हटलं. घ्या डबी. आता कळू दे शहराला.

शेजारची बाई छातीवर हात ठेवून माझ्याकडे वाकली. "अहो, इथे घुमतंय हो सगळं! कोणीतरी सांगा ना त्यांना, तो खालचा आवाज जरा कमी करा म्हणून."

मी म्हटलं, "कुठला आवाज?"

"हा काय. धडधडतोय तो. माझं काळीज बाहेर येईल."

मला वाटलं चेष्टा करतेय. तिच्याकडे बघितलं. चेष्टा करत नव्हती. पुढच्या रांगेतल्या एका म्हाताऱ्याने वळून तिला दुजोरा दिला, "फार आहे, फार."

मी खुर्चीच्या हातावर हात ठेवला. लाकूड थरथरत होतं. दादाच्या बोटाबरोबर, बरोबर तालावर. हाताला सगळं कळत होतं. कानाला काहीच नाही.

दुसरं गाणं सुरू होण्याआधी उठून बाहेर आले. लोकांना वाटलं असेल, रागावून गेली.

९ नोव्हेंबर

बाईला बास जास्त होत होता. मला नव्हताच. तीच खोली, तोच अँप, आणि बास माझा नव्हे. पिकअप माझा नव्हे. तारा माझ्या नव्हेत.

मग उरलं काय?

१० नोव्हेंबर

फ्रिज हल्ली अजिबात आवाज करत नाही म्हणून मी त्याचं कौतुक करत होते. आज त्याला हात लावून बघितला. घरघरतोय.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

कानाच्या डॉक्टरीणबाईंनी एक मोठा नादकाटा गुडघ्यावर आपटून माझ्या कानाशी धरला. "येतंय ऐकू?" नाही. काटा थरथरताना डोळ्यांना दिसत होता. दुसऱ्या कानाशी धरला. नाही. मग परत आपटला आणि त्याचा दांडा माझ्या कानामागच्या हाडावर टेकवला.

आला. सगळा आला.

"आतली नस चांगली आहे," त्या म्हणाल्या. "कानातलं एक बारीक हाड आखडलंय, बाहेरचा आवाज पुढे जाऊ देत नाही. सगळ्यात आधी खालचे आवाज जातात. डोक्याच्या हाडाला टेकवलं की थेट आत पोचतात. बरीच वर्षं हळूहळू होत आलं असणार. ऑपरेशन करता येतं, बघू." आणखी काय काय सांगत होत्या. मी ऐकत होते तो काटा, विझत विझत जाणारा.

त्यांनी तो उचलला. मी म्हटलं, "पुन्हा एकदा ठेवा ना."